काडी

पांगालान कालव्यावर माझी नाव आहे.
पंधरा घोड्यांचं इंजिन, त्यातले सहा घोडे म्हातारे.
मंगळवारी शेतात पाय ठेवायचा नाही, ही पूर्वजांची बंदी;
पाण्याबद्दल ते काही बोलले नाहीत,
म्हणून महिन्याच्या पहिल्या मंगळवारी
तामातावच्या धक्क्यावरून मी खोकी आणतो.

खोक्यांवर कुठल्या कुठल्या देशांचे शिक्के.
तिथून एकदा एक बाई आली होती, उंच बूट घालून.
डास चावले तिला. अननस फार आवडला.
बाकी त्या देशांशी आमची ओळख
पुठ्ठ्यापुरती.

पुठ्ठ्याच्या आत हातमोजे, गोळ्यांची पाकिटं,
नाळ कापायचं पातं,
आणि काड्या.
काडी म्हणजे अगदी काडीएवढी.
ओनोरीन सुईण ती दंडात, कातडीखाली सरकवते,
मग तीन वर्षं
बाईचं पोट बाईच्या सांगण्यात राहतं.

झारासोआ आली तेव्हा सोळाची होती.
तिच्या थोरल्या बहिणीला एका रात्री मीच नेलं होतं दवाखान्यात.
परत येताना नावेत माणसं तेवढीच होती,
एक आडवं.
तर ही आली, दंडावर पट्टी बांधून नावेत बसली,
आणि काडीबद्दल एक अक्षर न विचारता म्हणाली,
‘ती दोरी ओढल्यावर आत काय होतं?’

वीस वर्षं दोरी ओढतोय मी.
मला कधी सुचलं नव्हतं विचारायचं.

पुढच्या मंगळवारी चिंधी घेऊन आली. मग दर मंगळवारी.
नखं काळी, केसांना पेट्रोलचा वास.
मावशी म्हणाली, ‘मूल कधी?’
ही म्हणाली, ‘आधी कार्ब्युरेटर.’
गाव हसलं. मावशी हसली नाही.

वादळानंतरच्या आठवड्यात, मध्यरात्री,
फांझाच्या कळा सुरू झालेल्या, आणि जलपर्णीच्या मधोमध
इंजिन खोकलं आणि गप्प झालं.
मी बाटली काढली, पूर्वजांना दोन घोट ओतले.
झारासोआ अंधारातून ओरडली,
‘थोडी ठेवा! प्लग पुसायचाय!’
रमने पुसलेला तो प्लग
बायकोच्या शिव्यांसारखा पहिल्या झटक्यात पेटला.
मूल धक्क्यावर जन्मलं, फळीवर,
कंदिलाला धरून सहा माणसं पाठ करून उभी.
फांझा आता बाजारात मासे विकते, भाव कमी करत नाही.

ह्या मंगळवारी धक्क्यावर खोकी नव्हती.
कारकुनाने कागद दिला. फ्रेंच होता.
झारासोआने वाचला, एकदा मनात, एकदा मोठ्याने:
‘आमचे प्राधान्यक्रम बदलले आहेत.’
मी विचारलं, म्हणजे?
ती म्हणाली, म्हणजे इतकंच.

ओनोरीनच्या कपाटात चार काड्या उरल्यात.
वहीत अकरा नावं.
झारासोआची तीन वर्षं लिचीच्या हंगामात संपतात,
तिचं नाव नववं आहे.
वही उघडी टाकून ओनोरीन भात बघायला गेली,
भात अजून चुलीवर चढलाही नव्हता.

बुडत्याला काडीचा आधार, म्हणतात.
ही पोर बुडत नव्हती.
हात मारायला शिकत होती,
किनारा जरा पुढे, एवढंच.
त्या कागदावर सही करणाऱ्याला
तिची नखं दाखवायला हवी होती.
कुठे राहतो तो, कोणाला ठाऊक.

संध्याकाळी ती नावेवर आली, टाकीचं झाकण उघडून
आत डोकावली.
‘मानांझारी किती दूर?’
दोन दिवस, मी म्हणालो. पण तिथलं गोदामसुद्धा...
‘बघून येऊ.’
मग पेट्रोलच्या पैशांवरून आम्ही बराच वेळ भांडलो.
तिने अर्धे दिले, मोजून, सगळी नाणी.

दोरी तिनेच ओढली.
आत काय होतं ते तिला माहीत आहे.
मला अजून नाही.